लिपस्टिक पाम बेळगावात: झाडाचा आणि 'आत्ता नेऊ नका' म्हणणाऱ्या नर्सरीचा तीन वर्षांचा अनुभव

जून 2022 ला जांबोटी रस्त्यावरच्या एका नर्सरीतून लिपस्टिक पाम घेतला होता, त्याला आता तीन वर्षं झाली. झाड जिवंत आहे, चार खोडांची सहा झालीत आणि त्यातली दोन खोडं वरपासून चांगली लालभडक आहेत, म्हणून आता लिहायला बसले. झाडांचे रिव्ह्यू लोक झाड घरी आलं त्याच दिवशी लिहितात, पॅकिंग छान, पानं फ्रेश वगैरे, पण पामचं खरं काय ते दोन थंड्या गेल्याशिवाय कळतच नाही. तीन गेल्या. नर्सरीचं नाव लिहीत नाही कारण मालकांनाच विचारलं तर ते म्हणाले नाव नको, झाडं थोडी आणि फोन जास्त असं होतं. बेळगावातनं जांबोटीला जाणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला हिरवी शेडनेट दिसते, तेवढं पुरे आहे.

ह्या झाडाचा नाद लागला तो गोव्यातल्या फोंड्याला. माझी नणंद तिकडं राहते, चोर्ला घाटानं आम्ही वर्षातनं दोन-तीनदा जातो. तिच्या अंगणात तुळशीच्या शेजारी एक मोठी कुंडी आणि त्यात बांबूच्या बेटासारखी आठ-दहा बारीक खोडं, आणि प्रत्येक खोडाचा वरचा भाग असा लाल की पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी ऑईलपेंट मारलाय. जवळ जाऊन नखानं खरवडून बघितलं. रंग झाडाचाच. सुपारीच्या ज्या भागाच्या पत्रावळ्या आणि प्लेटा करतात ना, म्हणजे पानाचा देठ खाली रुंद होऊन खोडाला गुंडाळतो तो भाग, तोच ह्या पामचा लाल असतो, आणि लाली तिथून वर पानाच्या देठात जाते. बाकी खोड हिरवं, त्यावर पान गळल्याच्या गोल खुणा.

ह्याला इंग्रजीत सीलिंग वॅक्स पाम पण म्हणतात, म्हणजे लाखेचं सील. आमचे मामंजी पोस्टात होते, सासूबाईंनी झाडाचा फोटो बघितल्या बघितल्या म्हणाल्या, "हे तर पार्सलवरच्या लाखेगत आहे की गं." त्यांना इंग्रजी नावाचा पत्ताही नव्हता. शास्त्रीय नाव सिर्टोस्टॅकिस रेंडा, मूळचा थायलंडचा दक्षिण भाग, मलेशिया, सुमात्रा, बोर्निओ ह्या पट्ट्यातला. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनचं बोधचिन्ह हाच पाम आहे, ते गार्डन 2015 ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. मलेशिया-इंडोनेशियात त्याला पिनांग राजा, पिनांग मेराह असं म्हणतात, पिनांग म्हणजे सुपारी आणि मेराह म्हणजे लाल. हे लक्षात ठेवा, पुढं ह्याचा संबंध येणार आहे.

नर्सरीपर्यंत पोचायच्या आधी दोनदा फसले ते पण सांगते, कारण अजूनही लोक तसंच फसतायत. 2021 च्या उन्हाळ्यात ऑनलाईन दहा बिया मागवल्या, 299 रुपये, फोटोत लालभडक झाड. त्यातली एकही उगवली नाही. नंतर कळलं की ह्या पामचं बी जेमतेम उडदाएवढं असतं, ते ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळलं की संपलं, आणि ताजं असलं तरी उगवायला दोन-तीन महिने सहज जातात. पाकिटात सहा महिने पडलेल्या बियांकडनं काय होणार. मग शहरातल्याच एका ठिकाणाहून 450 ला "लिपस्टिक पाम" म्हणून रोप आणलं. छान वाढलं, भराभरा वाढलं, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती कारण हा पाम भराभरा वाढतच नाही. सहा महिन्यांनी देठ पिवळे पडले आणि त्यावर बारीक काळे ठिपके, म्हणजे साधा अरेका पाम, जो प्रत्येक बँकेत आणि मंगल कार्यालयात असतो. अरेका वाईट नाही, माझ्याकडं अजून आहे, पण 450 रुपये मी लाल खोडासाठी दिले होते. विकणाऱ्यानं फोन उचलला नाही.

नोव्हेंबर 2021 ला दिवाळी करून फोंड्याहून परत येताना ही नर्सरी दिसली आणि ह्यांना म्हणलं पाच मिनिटं थांबा. ती पाच मिनिटं दीड तास झाली. आत शेडनेटखाली ओळीनं पाम, मॅकार्थर, फिशटेल, लिकुआला, आणि मागच्या बाजूला, जिथं पाणी साचून चिखल झाला होता तिथं वीसेक लिपस्टिक पाम. काही हातभर उंचीचे, काही कमरेएवढे. मी सरळ कमरेएवढ्याला हात लावला आणि म्हणलं हा द्या.

मालक म्हणजे साधारण पासष्टीचे मामा, टोपी, हातात खुरपं. त्यांनी विचारलं, "कुठलं गाव वहिनी?" म्हणलं बेळगाव, अनगोळ. तर म्हणाले, "मग आत्ता नेऊ नका. थंडी तोंडावर आलीय. हा इथं माझ्याकडं दोन थंड्या काढलेला आहे पण जागा बदलली की मुळं आधी रुसतात, आणि मुळं रुसलेली असताना थंडी लागली की संपलं. जूनला या. पहिला पाऊस पडला की फोन करतो."

मी दोनदा म्हणलं की मी काळजी घेते, पैसे आत्ता देते. नाही म्हणाले. गिऱ्हाईक पैसे हातात धरून उभं आहे, गाडी दारात आहे, आणि माणूस झाड विकत नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी वहीत माझं नाव आणि नंबर लिहून घेतला, आणि मी ज्याला हात लावला होता त्या झाडाच्या कुंडीला लाल सुतळी बांधली. 12 जूनला खरंच फोन आला, "वहिनी, पाऊस लागला, या." मी गेले तेव्हा सुतळी तशीच होती, भिजून काळी पडलेली.

त्या दीड तासात त्यांनी काय काय दाखवलं ते लिहिते, कारण ह्या रिव्ह्यूत सगळ्यात कामाचं तेच आहे. लहान रोपात लाल रंग दिसत नाही, लाली यायला काही वर्षं जातात, मग ओळखायचं कसं? त्यांनी पान उलटं केलं. वरनं हिरवंगार, खालनं राखाडी, अगदी राख फासल्यासारखं. अरेकाचं पान दोन्हीकडनं हिरवं. मग देठ दाखवला, लहान रोपातही देठाच्या बुडाला विटकरी झाक होती, अरेकाच्या देठाला पिवळी असते. मग म्हणाले पिल्लं मोजा. एका कुंडीत तीन-चार खोडं दिसतात पण ती कधी कधी तीन-चार वेगळी रोपं एकत्र लावलेली असतात, अरेकात तर सर्रास तसंच करतात. एकाच झाडाची पिल्लं असतील तर ती आईच्या बुडाला चिकटून बाहेर येतात, बोटानं माती बाजूला केली की जोड दिसतो. त्यांनी माती बाजूला करून जोड दाखवला.

तिथं काम करणाऱ्या एक अक्का होत्या, खानापूरकडच्याच पण घरी कन्नड बोलणाऱ्या, त्या ह्या झाडाला केंपु अडिके म्हणत होत्या. केंपु म्हणजे लाल, अडिके म्हणजे सुपारी. मी घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की मलेशियात पण लोक त्याला तेच म्हणतात, लाल सुपारी. मला फार बरं वाटलं ते वाचून. अक्कांना जूनमध्ये सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, दुसरं काय म्हणणार.

किंमत. चार खोडांचं, अडीच फुटी झाड 1800 रुपयांना पडलं. महाग वाटेल, मलाही वाटलं होतं. पण बी उगवायला महिने, पहिलं रोप हातभर व्हायला वर्षं, आणि पिल्लं वेगळी करून लावायला गेलं तर निम्मी मरतात असं मामांचं म्हणणं. त्यांची रोपं केरळातनं, त्रिशूरजवळच्या मण्णुत्तीहून येतात, तिथं नर्सरींचं गावच आहे, आणि मग इथं त्यांच्याकडं किमान दोन वर्षं राहतात. 1800 त्या दोन वर्षांचे आहेत. बाहेरगावाहून आलेली रोपं बऱ्याचदा चिकट मातीच्या गोळ्यात येतात, वाळला की तो गोळा वीट होतो, पाणी वरनंच वाहून जातं आणि मूळ आत कोरडं राहतं. मामांनी आल्या आल्या माती बदललेली होती, हे काम बहुतेक नर्सरीवाले करत नाहीत.

आता घरचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, फोंडा खाली. घाट उतरला की अंगाला घाम येतो तो घाम ह्या पामला पाहिजे असतो. मूळ जागेत तो दलदलीच्या जंगलात वाढतो, कुजलेल्या पाल्याचं आंबट काळं पाणी, बारा महिने दमट आणि रात्रीसुद्धा बावीस-तेवीस अंशांच्या खाली क्वचितच. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे बारा-तेरा अंश होतं, कधी त्याच्याही खाली. म्हणजे पाणी, आंबट माती आणि ऊब, तीन गोष्टी आपण द्यायच्या.

पाणी सगळ्यात सोपं. बाकी कुठल्याही कुंडीखाली पाणी साचलं की मुळं कुजतात, ह्याला उलट पाण्यातच उभं करायचं. मी जुना धुण्याचा टब घेतला, त्यात चार बोटं पाणी, त्यात कुंडी. डासांची भीती होती, आमच्या गल्लीत डेंग्यू झालेला होता, म्हणून टबात गप्पी मासे सोडले. सहा सोडले होते, आता मोजत नाही. अनगोळात आमच्या परसात जुना आड आहे, त्याचं पाणी आणि पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी एवढंच ह्याला देते. बोअरचं पाणी नको. ते का नको हे पुढं सांगते, मला ते अनुभवानं कळलंय.

माती म्हणजे आपली लाल माती एक घमेलं, चाळलेला कुजका पाला दोन घमेली, कोकोपीट एक, जाड वाळू अर्धं आणि थोडं गांडूळखत. पाला आंब्या-फणसाचा, वर्षभर खड्ड्यात कुजवलेला. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं, मी घातलं नाही. जागा पूर्वेकडची, सकाळचं कोवळं ऊन दहापर्यंत, नंतर आंब्याची सावली. दुपारचं ऊन लागलं की पानाची टोकं करपतात, पण एकदम अंधारात ठेवलं तर लाली फिकी पडते असं फोंड्याच्या झाडावरनं वाटतं, नणंदेनं ते एक वर्ष पोर्चमध्ये घेतलं होतं तेव्हा विटकरी झालं होतं.

पहिली थंडी, डिसेंबर 2022. नवीन पान गुंडाळलेल्या सुरळीसारखं येतं, भाल्यागत टोकदार, आणि उघडायच्या बेतात असलेली सुरळी तशीच थांबली. दोन महिने जागची हलली नाही. जुन्या पानांवर तपकिरी डाग आले. मी घाबरून मामांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, म्हणाले सुरळी हळूच ओढून बघा, जोरात नाही, हातात येते का. आली नाही. म्हणाले मग जिवंत आहे, सुरळी हातात आली आणि बुडाला वास आला तर ते खोड गेलं समजायचं, कारण पामच्या खोडाला वरचा एकच कोंब असतो, तो गेला की त्या खोडाला दुसरा फुटत नाही, बाजूच्या पिल्लांवरच काय ते. टबातलं पाणी काढा म्हणाले, थंडीत गार पाण्यात पाय नकोत, माती नुसती ओलसर ठेवा. आणि डागाळलेली पानं कापू नका. हे मला माहीत नव्हतं, मी कात्री घेऊनच बसले होते. पाम जुन्या पानातलं पालाश (पोटॅश) काढून नव्या पानाला देतो, ते पान पूर्ण वाळायच्या आधी कापलं की नव्या पानाचं जेवण कापल्यासारखं. मी कात्री ठेवली.

रात्रीची ऊब म्हणून चार काठ्या रोवून वर सासूबाईंचं जुनं नऊवारी लुगडं टाकत होते, संध्याकाळी टाकायचं आणि सकाळी ऊन आलं की काढायचं. प्लास्टिक टाकू नका, आत पाणी धरतं आणि पानं सडतात. फेब्रुवारीच्या शेवटी सुरळी उघडली. दुसऱ्या थंडीत डाग कमी, तिसऱ्या थंडीत जवळजवळ नाहीतच. झाड इथलं होत जातं, पण त्यासाठी पहिली थंडी निघाली पाहिजे, आणि ती निघावी म्हणून झाड जूनमध्ये यायला पाहिजे होतं, म्हणजे मुळांना सहा महिने मिळाले. नोव्हेंबरमध्ये आणलं असतं तर हे लिहायला झाड नसतं. मामांचा 'नाही' मला तेव्हा लागला होता, आता त्यासाठीच पाच पैकी पाच देते.

मग बोअरच्या पाण्याचं. 2023 ला पाऊस दगा देऊन गेला, कर्नाटकात दुष्काळ जाहीर झाला होता, आणि 2024 च्या मार्चमध्ये आमच्या आडाचं पाणी तळाला गेलं. सहा-सात आठवडे बोअरचं पाणी दिलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. एप्रिलमध्ये नवीन पान आलं ते पिवळं, पण शिरा हिरव्या. हे लोह न मिळाल्याचं लक्षण, मातीत लोह असतं पण पाणी चुनखडीचं असलं की झाडाला ते उचलता येत नाही. नुसतं खत घालून भागत नाही, पाणी बदलावं लागतं. शेजारच्या काकूंकडनं नळाचं पाणी रोज एक घागर आणली, राकसकोप धरणाचं पाणी येतं ते, एक दिवस उघडं ठेवून मग घातलं. जूनमध्ये पाऊस आला आणि पुढचं पान हिरवं आलं. जुन्या पानांवर नारिंगी ठिपके दिसले तर ते पालाश कमी, नवीन पान पिवळं तर लोह, एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धी चूक टळते. त्याच मार्चमध्ये कोरड्या वाऱ्यात लाल कोळी (बारीक कीड) पण आला होता, पानाच्या खालच्या राखाडी बाजूला बारीक जाळी. रोज सकाळी पानं उलटी करून पाण्याचा फवारा मारला, पंधरा दिवसात गेला, औषध मारलं नाही, खाली मासे होते.

आणि जुलै 2024. ह्यासाठी तर सगळं. सगळ्यात जुन्या खोडाचं खालचं पान वाळलं होतं, त्याचा गुंडाळलेला भाग तपकिरी कागदासारखा झाला होता आणि एका बाजूला चीर पडली होती. ओढायचा मोह होत होता, ओढलं नाही. तीन दिवस रिपरिप पाऊस होता. चौथ्या दिवशी सकाळी टबातले मासे बघायला गेले तर ते पान खाली पडलेलं, आणि खोडावर वीतभर लांबीचा ओला लाल भाग उघडा. नवीन लाखेच्या बांगडीला जी चमक असते ती. वरच्या टोकाला लाल, खाली जरा नारिंगी, आणि अगदी बुडाला जिथं खोड सुरू होतं तिथं हिरव्याची एक बारीक रेघ. पाण्याचा थेंब त्यावरनं थांबत थांबत खाली आला. सासूबाईंना हाक मारली, त्या काठी टेकत आल्या, बोट लावून बघितलं, आणि बोट साडीला पुसलं, रंग लागला असेल म्हणून. मग बोटाकडं बघितलं. काही लागलं नव्हतं. "मामंजींना दाखवायला पाहिजे होतं गं," एवढंच म्हणाल्या.

नर्सरीबद्दल तक्रारी पण आहेत, त्या लिहिते. एक, झाडाबरोबर त्यांनी मला सिमेंटची कुंडी विकली, 600 रुपये. सिमेंटमधनं चुना सुटतो आणि ह्या पामला आंबट माती लागते, त्यात पुन्हा कुंडी कायम पाण्यात उभी. मला हे दोन महिन्यांनी कळलं. फोन केला तर मामा म्हणाले, "बरोबर आहे तुमचं, माझ्या ध्यानात आलं नाही," आणि कुंडी परत घेऊन मोठी प्लास्टिकची दिली, वरचे पैसे परत दिले. पण जायला-यायला पेट्रोल माझंच गेलं आणि झाडाची मुळं दोनदा हलली. जो माणूस मुळं रुसतात म्हणून झाड सात महिने देत नाही त्यानं हे आधी बघायला पाहिजे होतं. दोन, झाडांवर नावाच्या पाट्या नाहीत, सगळं मामांच्या डोक्यात. ते नसले की कामाच्या बायका अंदाजे सांगतात, मी एकदा मॅकार्थर म्हणून घेतलेलं रोप घरी आल्यावर फिशटेल निघालं. बदलून मिळालं, पण फिशटेलच्या फळांनी अंगाला भयंकर खाज सुटते, लहान मुलं असलेल्या घरात असं चुकून जायला नको. तीन, नर्सरीत मोबाईलला रेंज नाही, पैसे ऑनलाईन जाता जात नाहीत, रोख घेऊन जा. चार, घरपोच देत नाहीत.

कुणी घ्यावा, कुणी नको. खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला ज्यांचं घर आहे त्यांनी डोळे झाकून लावा, पाऊस आणि दमटपणा तिकडं आपोआप आहे, फक्त थंडीचं बघा. बेळगाव शहरात, हिंडलगा, उचगाव बाजूला आड किंवा पावसाचं पाणी असेल तर लावा. निपाणीला माझ्या मावसबहिणीनं 2023 ला लावला, तिचा जगलाय पण लाल व्हायचा आहे. अथणी, रायबाग, गोकाकच्या बाजूला मात्र काळी माती, जड पाणी, उन्हाळ्यात कोरडा गरम वारा, तिकडं मी सांगणार नाही. त्यांनी मॅकार्थर घ्यावा, तोही बेटानं वाढतो, लाल लाल फळांचे घोस लागतात, पाणी लागतं पण नखरे कमी. फ्लॅटच्या बाल्कनीत वाऱ्याला तोंड असेल तर लिपस्टिक पाम नको. वर्षाला पाच-सहा पानं येतात माझ्याकडं, ज्यांना दोन वर्षांत आडोसा पाहिजे त्यांनी अरेकाच लावावा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि पाम म्हणजे फक्त परदेशी शोभेचं असं डोक्यात असेल तर मामांकडं एक कोपरा बघा, तिथं त्यांनी आपल्या घाटातला वेत लावलाय, तोही पामच आणि तोही बेटानं येतो, शेजारी भेर्ली माड, ज्याची पानं कोकणात मांडवाला लावतात. ते विकायला नाहीत. मी विचारलं तर म्हणाले हे माझं आहे.

जाणार असाल तर मिरगाचा पाऊस लागल्यावर जा, सकाळी नऊच्या सुमाराला, तेव्हा मामा झाडांत असतात. गाडीची मागची सीट पाडून ठेवा आणि घरनं दोन गोणपाटं भिजवून न्या, एक कुंडीला गुंडाळायला आणि एक पानांवर, काचा वर करून या, वाऱ्यानं सुरळी मोडते. लहान रोप 500 च्या आसपास आहे पण ते घेऊ नका, निदान तीन पिल्लांचं घ्या. मागच्या चिखलातली झाडं बघायला पायात जुन्या चपला घाला. सध्या त्यातल्या एका कुंडीला पुन्हा लाल सुतळी आहे, ती माझ्या नणंदेच्या जावेची, ती पण जूनची वाट बघतेय.